फ्लॅटमधली प्लेस्कूल आणि ‘हायपर’ मुलगा

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, जवळच्या बिल्डिंगमध्ये टू बीएचके फ्लॅटमधल्या प्लेस्कूलला रोज तीन तास जातो. घरी आला की सोफ्यावरून उड्या, चिडचिड, एका जागी थांबतच नाही. टीचर म्हणतात हायपर आहे, डॉक्टरांना दाखवा. काय करू? – एक आई, पुणे

उत्तर: डॉक्टरांआधी तो वर्ग बघून या, आणि मुलं आत असतानाच बघा, रिकामा वर्ग नेहमी छानच दिसतो. या वयात दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली ६० तरी चांगली दम लागेल अशी, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. आता तीन तास टेबलाशी बसून रंगकाम, मग राइम्स, मग डबा, असं असेल तर ती सगळी हालचाल तुमच्या सोफ्यावरच होणार ना!

मला विचाराल तर जागा लहान असणं हा खरा प्रॉब्लेम नाहीच, ती कशी भरलीये ते बघा. बहुतेक ठिकाणी टेबलं बरोब्बर मधोमध असतात आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकची घसरगुंडी, तिच्यावर एकाच वेळी एकच मूल, बाकीची लाइनीत उभी. टेबलं भिंतीला लावली, खाली दोन गाद्या आणि चार मोठे रिकामे खोके टाकले की तीच मुलं रांगतात, ढकलतात, चढतात, घामाघूम होतात. दुसरं म्हणजे आवाज. नुसत्या टाइल्स आणि मोकळ्या भिंती असल्या की आवाज घुमतो, मग मुलं ओरडून बोलतात, टीचर त्याहून मोठ्याने, आणि दुपारपर्यंत सगळे वैतागलेले. जाड पडदे, सतरंज्या टाकल्या तरी बराच फरक पडतो. गोंगाट नको झाला की जाऊन बसायला एक शांत कोपरा पण हवाच.

आणि बाहेर कधी नेतात ते नक्की विचारा, उजेडात खेळणं डोळ्यांसाठीही लागतं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या दारातल्या अंगणातच वर्ग भरवले होते, तुमच्या टीचरना निदान पार्किंगशेजारचा मोकळा पॅच अर्धा तास वापरता येईल.

टीचरशी भांडू नका, पण हे स्पष्ट बोला. संध्याकाळी रोज तासभर ग्राउंडवर सोडा त्याला. महिनाभर असं करूनही झोप, खाणं, चिडचिड तशीच राहिली तर मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.