पुण्यात नव्या, गावाकडच्या लेखकांची आणि छोट्या प्रकाशनांची पुस्तकं कशी शोधावीत?

दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. नव्या लेखकाची कथा बऱ्याचदा पुस्तकाआधी तिथंच भेटते. आवडलेलं नाव टिपून ठेवा आणि अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं किंवा बाजीराव रोडवरचं ‘अक्षरधारा’ हे पुस्तकांचं दालन गाठा. दुकानात लेखकाबरोबर प्रकाशनाचंही नाव सांगा. ‘श्रीरामपूरच्या शब्दालयचं नवीन काय आलंय?’ असं विचारलं की मागच्या कपाटातली पुस्तकंही बाहेर येतात. बेस्टसेलरच्या टेबलावर ती दिसणार नाहीत.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३पासून. तिथं छोट्या स्टॉलवर निवांत थांबा. कधी कधी प्रकाशक स्वतःच बसलेले असतात, मनापासून बोलतात. आणि आवडलेलं पुस्तक लगेच घ्या. अशा आवृत्त्या थोड्याच प्रतींच्या असतात, पुन्हा निघतीलच असं नाही.