आयर्लंडमधल्या बिनलग्नाच्या बहिणी खरंच एकट्या अमेरिकेला जात होत्या का?

तुम्ही वाचलेल्या कादंबरीत १८८०च्या दशकात काउंटी कॉर्कमधल्या शेतकरी घरातली थोरली मुलगी एकटी न्यूयॉर्कला जाते, पाठोपाठ दोन्ही धाकट्यांना बोलावून घेते आणि शेवटी धाकटी गावी परतते. तुमची शंका अशी, की कर्मठ कॅथलिक आईबाप लग्नाच्या वयाच्या पोरींना समुद्रापार धाडतील कसे? लेखिकेने आजचे विचार त्या काळाला चिकटवलेत का?

नाही. मला तर कथानकातला तोच भाग सगळ्यात खरा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंड सोडणाऱ्यांत जवळपास निम्म्या बायका होत्या, काही वर्षी तर पुरुषांहून जास्त. त्यातल्या बहुतेक तरुण आणि बिनलग्नाच्या. त्याच सुमारास इटलीहून येत होते ते मुख्यतः पुरुष.

मुळाशी होती जमीन. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली. त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याआधी खंडाने घेतलेल्या जमिनीचे तुकडे करून मुलांत वाटायची पद्धत होती. दुष्काळानंतर ती मागे पडली. जमीन एकाच मुलाला, आणि हुंडा जमला तर एकाच मुलीचं लग्न. हो, हुंडाच. मध्यस्थ, देण्याघेण्याची घासाघीस, मुलाकडच्या जमिनीची पाहणी, सगळं आपल्याला ओळखीचं वाटावं असं. उरलेल्या मुलींनी भावाच्या संसारात फुकट राबायचं, नाहीतर क्वीन्सटाउनला (आताचं कोव्ह) जाऊन बोट धरायची. आईबापांचं काळीज दगडाचं नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री गाव जमायचं, नाचगाणी व्हायची आणि मध्येच रडारड. या जागरणाला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे मेलेल्या माणसाजवळ रात्रभर बसणं.

‘एकटी’ हा शब्दही थोडा सैल घ्या. तिकडे मावशी, आत्या किंवा आधी गेलेली बहीण असायची आणि पुष्कळदा तिकीटही तिनेच अमेरिकेत पैसे भरून पाठवलेलं असायचं. मग आलेल्या बहिणीने पुढचीचं तिकीट काढायचं. हे कर्ज कुठे लिहिलेलं नसे, पण चुकवता येत नसे. थोरली लग्न लांबवत राहते ते तुम्हाला ओढूनताणून वाटलं, पण त्याचा उलगडा इथेच आहे. शिवाय तिची नोकरी पाहा. श्रीमंत घरात स्वयंपाक, झाडलोट, मुलं सांभाळणं. राहणं-खाणं मालकाकडे, त्यामुळे पगार बराचसा शिल्लक पडे. लग्न झालं की ती नोकरी सुटे आणि घरी जाणारे पैसेही आटत. या मोलकरणींची ठेव न्यूयॉर्कच्या एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेत जाई. ही बँक १८५० मध्ये आयरिश मंडळींनीच काढली होती.

कुठलीही आयरिश स्थलांतराची कादंबरी पारखायची तर मी बंदर बघतो. दुष्काळातली नायिका एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं) उतरली, की माझा विश्वास उडतो. एलिस आयलंड उघडलं १ जानेवारी १८९२ला, आणि तिथे नोंद झालेली पहिली व्यक्ती कॉर्कचीच होती: अ‍ॅनी मूर, सोबत दोन धाकटे भाऊ, आईवडील आधीच न्यूयॉर्कमध्ये. त्याआधी कासल गार्डन, तेही १८५५ पासून. तुमच्या कादंबरीतल्या बहिणी कासल गार्डनलाच उतरायला हव्यात. ‘अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं’ हा प्रसंग दिसला तरी सावध व्हा. तिथे नावं बोटीवरून आलेल्या यादीतून तपासली जात.

राहता राहिली धाकटी. परत जाणाऱ्यांचं प्रमाण आयरिश लोकांत फार कमी होतं, त्यामुळे ती अपवादच. पण अशक्य नाही. काही जणी साठवलेले डॉलर घेऊन परतल्या आणि तोच पैसा त्यांचा हुंडा झाला. लेखिकेने तिचं लग्न एखाद्या जमीनवाल्या, वयाने बऱ्याच मोठ्या शेतकऱ्याशी लावलं असेल, तर तिने अभ्यास नीट केलाय असं मी म्हणेन.