उंदराची महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या महाधमनीसारखीच दिसते का?

मूळ आराखडा सारखाच असतो: आत अंतःस्तर, मग मध्यस्तर आणि बाहेरून संयोजी ऊतीचा बाह्यस्तर. खरा फरक मध्यस्तरात आहे. तिथे इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाच्या पातळ पटलांमध्ये मृदू स्नायूपेशी व कोलॅजेन या बळकट प्रथिनाचे तंतू बसवलेले असतात, आणि एक पटल व त्यालगतचा पेशींचा थर मिळून एक घटक मानला जातो. वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह या संशोधकांनी 1967 मध्ये दहा सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या तपासल्या, तेव्हा असे दिसले की प्राणी मोठा असेल तर घटकाची जाडी फारशी न बदलता घटकांची संख्याच महाधमनीच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रत्येक घटकावर येणारा ताण जवळपास सारखाच राहतो. उंदराच्या छातीतील महाधमनीत हे घटक दहाहून कमी, तर माणसात पन्नासच्या आसपास असतात.

याच संशोधकांच्या निरीक्षणानुसार साधारण 29 घटकांपर्यंतच्या मध्यस्तरात पोषक सूक्ष्मवाहिन्या नसतात. म्हणून उंदराच्या महाधमनीच्या भित्तीचे पोषण मुख्यतः आतील रक्तातून होणाऱ्या विसरणावरच (पोषक द्रव्ये आपोआप झिरपण्यावरच) भागते.

अंतःस्तराबाबत मात्र जपून बोलावे लागते, कारण निरोगी उंदरात अंतःकला (रक्ताला लागून असलेला पेशींचा पातळ थर) जवळजवळ थेट आतील स्थितिस्थापक पटलावरच टेकलेली असते, तर माणसात त्यांच्यामध्ये वयानुसार जाड होणारा थर असतो, म्हणून उंदरावरील धमनीकाठिण्याचे (धमनीची भित्ती जाड व कडक होण्याच्या विकाराचे) निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही.

काचपट्टीवर पटले मोजायची असतील तर व्हेरहॉफ रंजन (ऊती रंगवण्याची एक पद्धत) वापरावे. त्यात इलॅस्टिन काळे दिसते.