सोलापूरच्या मुलाला प्रोफेशनल गोल्फर होता येईल का?

तुम्ही विचारलंय की भाचा बारा वर्षांचा आहे, टीव्हीवर बघून बघून गोल्फचं वेड लागलंय, घरचे म्हणतात हा शेठ लोकांचा खेळ आहे, आपल्याला झेपणार नाही, तर खरं काय ते सांगा. पैसा लागतो हे खरंच आहे. पण पैशाच्या आधी लागते ती आत जायची वाट. मैदानावर पाय ठेवायला मिळाला तर साध्या घरातलं पोरगं पण लई पुढं जातंय, आणि हे हवेत बोलत नाही, आपल्याच देशात झालेलं आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, आणि माझा गोल्फशी संबंध टॉवेलमुळेच आला. आमच्याकडे गोल्फ टॉवेलची ऑर्डर यायची. अंगाच्या टॉवेलपेक्षा लहान, एका बाजूचे लूप कापून मखमली केलेले, त्या बाजूला क्लबचं नाव भरायचं, मग उभ्या तीन घड्या घालून वरच्या टोकाला मधोमध आयलेट ठोकायचं, त्यात हुक अडकवून तो बॅगेला लटकतो. मला प्रश्न पडायचा की एवढ्याशा टॉवेलचं काम काय. मग मॅच बघायला लागलो तेव्हा कळलं, कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, सकाळीच टॉवेलचं एक टोक ओलं करून ठेवतो आणि दुसरं कोरडं, प्रत्येक शॉटनंतर क्लबचं, म्हणजे मारायच्या काठीचं, तोंड ओल्यानं पुसायचं आणि कोरड्यानं टिपायचं, कारण लोखंडी क्लबच्या तोंडावर ज्या बारीक खाचा असतात त्यात माती किंवा गवत भरलं की बॉलला फिरकी लागत नाही, आणि फिरकी नाही लागली तर बॉल पडला तिथं थांबत नाही, पुढं घरंगळत जातो. तेव्हापासून हा खेळ सोडवत नाही.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो माणूस, एस. एस. पी. चौरसिया. पूर्ण नाव शिव शंकर प्रसाद. जन्म 1978, कोलकाता. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची, गवताची देखभाल करायचे. हा क्लब 1829 चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब. म्हणजे बघा, साहेब लोकांनी साहेब लोकांसाठी केलेली जागा, आणि तिथं गवत राखणाऱ्या माणसाचा पोरगा. कोच लावलेला नाही, मोठ्यांचं बघून बघून शिकला, लोकांच्या बॅगा उचलल्या, आणि 1997 ला प्रो झाला. अंगानं बारीक, उंची कमी, बॉल फार लांब जात नाही त्याचा. पण ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, जवळ आला की हातात जादू. बॉल हलकेच उचलून होलच्या जवळ टाकायचा त्याला चिप म्हणतात, आणि मग पट, म्हणजे बॉल जमिनीवरून लोटत होलमध्ये घालायचा. या दोन्हींत तो इतका पक्का की खेळाडूंनी त्याचं नावच चिपुटसिया पाडलं.

2008 ला दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स झाली, युरोपियन टूर या प्रो स्पर्धांच्या मालिकेतली स्पर्धा, एकूण बक्षीस 25 लाख डॉलर. बाहेरचे मोठमोठे खेळाडू आलेले, आणि जिंकला कोण तर चौरसिया, दोन शॉटनं, म्हणजे दुसऱ्यापेक्षा दोन शॉट कमी मारून. दिल्लीचा कोर्स, म्हणजे मैदान, अरुंद आहे, दोन्ही बाजूंना झुडपं, तिथं जोरात मारणाऱ्याचा बॉल झुडपात जातो आणि नेमका मारणाऱ्याचा मधोमध राहतो. त्याची जी कमजोरी धरली जायची तिचा तिथं काही फरकच पडला नाही. 2011 ला अवंथा मास्टर्स पण जिंकला.

पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त भावते. इंडियन ओपन. आपल्या देशाची राष्ट्रीय स्पर्धा, 1964 पासून चालू आहे. यात चौरसिया चार वेळा दुसरा आला, 1999, 2006, 2013 आणि 2015. 2013 ला बांगलादेशच्या सिद्दिकुर रहमाननं एका शॉटनं मागं टाकलं, 2015 ला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात, अनिर्बान लाहिरीनं हरवलं. चार वेळा हाताशी आलेलं निसटलं. दुसऱ्यानं नाद सोडला असता. हा 2016 ला परत उभा राहिला आणि जिंकला, म्हणजे पहिल्यांदा दुसरा आला तिथपासून सतरा वर्षांनी, आणि 2017 ला परत जिंकला, या वेळी सात शॉटनं! मधे 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला भारताकडून खेळून आला. 2017 ला अर्जुन पुरस्कार. हे सगळं वयाच्या चाळिशीच्या तोंडावर, क्रिकेटमध्ये या वयात माणूस कॉमेंट्री करत असतोय.

आणि तो एकटा नाही. अली शेर दिल्लीला कॅडी होता, 1991 ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रो तोच, आणि 1993 ला परत त्यानंच जिंकली. वर सांगितलेला सिद्दिकुर ढाक्याच्या कोर्सवर बॉल गोळा करणारा पोरगा होता, तोच पुढं ऑलिम्पिकमध्ये बांगलादेशचा झेंडा घेऊन चालला. यांना पैसा नव्हता, पण मैदान रोज डोळ्यासमोर होतं. म्हणून म्हणतोय की वाट महत्त्वाची.

आपली अडचण नेमकी तिथंच आहे. मैदान आपल्या दारात नाही आणि गोल्फचं गवत लई पाणी पितं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथं गवतासाठी पाणी मागायचं कुठल्या तोंडानं, मला स्वतःला ते पटणार नाही. त्यामुळं सोलापूरच्या पोरानं पुण्याकडंच बघावं लागतंय. येरवड्यात पूना क्लबचा 18 होलचा कोर्स आहे. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला खेळला, अर्जेंटिनाच्या खेळाडूनं माघार घेतली म्हणून शेवटी शेवटी जागा मिळाली, पण रँकिंगमध्ये तेवढ्या जवळ होता म्हणूनच मिळाली ना. त्याच ऑलिम्पिकला बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, आई तिची कॅडी होती. पदक थोडक्यात हुकलं, पण त्या शनिवारी सकाळी ज्यांनी कधी गोल्फ बघितलं नव्हतं ते पण टीव्हीसमोर बसले होते.

आता धंद्याचं गणित, हे घरच्यांना नक्की वाचून दाखवा. प्रो गोल्फरला पगार नसतो. स्पर्धा बहुतेक चार दिवसांची, रोज 18 होल. दोन दिवस झाले की कट लागतो, वरचे ठराविक खेळाडू पुढं जातात आणि बाकीचे घरी, आणि घरी गेलेल्याला साधारण काहीच मिळत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीचे पैसे, एंट्री फी सगळं त्यानं आधीच खिशातून घातलेलं असतं. म्हणजे चांगला खेळूनसुद्धा एखाद्या शॉटनं कट हुकला तर आठवडा तोट्यात. भारतात प्रोसाठी पीजीटीआयची (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया) टूर आहे, 2006 ला सुरू झाली, तिच्यात शिरायला क्वालिफाइंग स्कूल नावाची स्पर्धा असते, नाव स्कूल असलं तरी ती शुद्ध परीक्षा आहे. वर पोचलेल्याला भरपूर मिळतं, लाहिरी 2022 ला अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला तर 21 लाख डॉलरच्या वर मिळाले, पण असे मोजकेच. मधले बरेच जण कोचिंग करून, स्पॉन्सर शोधून चालवतात. हे ऐकून पण पोरगं मागं हटत नसेल तर मग त्याला अडवू नका हो.

सुरुवात कशी करायची? आख्खा सेट घेऊ नका. नियमानं बॅगेत 14 क्लब चालतात, पण मुलाला एक सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब), एक वेज (जवळून बॉल उंच उडवायचा) आणि एक पटर (पट मारायचा) बास झालं, ते पण वापरलेलं घ्या आणि त्याच्या उंचीचं घ्या. मोठ्या माणसाचा क्लब कापून देतात काही जण, तो जड राहतो आणि पोराची स्विंग बिघडते. पटिंग तर घरीच शिकता येतं. गोल्फचा होल असतो 108 मिलिमीटर, म्हणजे घरातल्या लहान वाटीएवढा. फरशीवर बॉल फार पळतो, म्हणून जाड सतरंजी ताणून अंथरा, बॉलच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं असं ठेवा की पटरचं तोंड मधून जेमतेम जाईल, आणि नाण्याला न लागता मारायला सांगा. तीन फुटांवरून. कंटाळवाणं आहे, पण चौरसिया ज्या गोष्टीवर जगला ती हीच आहे. उडवायचे शॉट मात्र गल्लीत नको, बॉल कडक असतो, कुणाच्या डोक्याला लागला तर भारी पडेल.

मग सुट्टीत पुण्याला न्या. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघालात तर दुपार हाताशी मिळते. जायच्या आधी फोन करून विचारा, बाहेरच्या मुलांना रेंजवर (बॉल मारायचा सराव करतात त्या जागेवर) कधी येऊ देतात, सरावाच्या बॉलच्या बकेटचे किती घेतात, मुलांना शिकवणारा कोच कोण आहे. कोचला पहिल्याच दिवशी हा प्रो होईल का असं विचारू नका, पोराचा हात बघा एवढंच म्हणा. जमतंय असं दिसलं तर इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर स्पर्धा असतात, त्यात चौदा-पंधराच्या आत खेळायला लागला तर तो कुठं आहे ते तुम्हालाच कळेल. शाळा सोडायची नाही, दहावी-बारावी व्हायलाच पाहिजे. आणि पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर त्यांना आत्तापासून विचारून ठेवा, कारण पुढं शनिवार-रविवार राहायची सोय लागणार आहे आणि तो खर्च क्लबांपेक्षा जास्त होतो.