बंगळूरच्या दोन रात्री: गजबजलेलं पण स्वस्त हॉस्टेल कसं निवडायचं

प्रश्न असा आहे की सांगलीचे पाच जण, तीन मुलगे आणि दोन मुली, कॉलेज संपल्याच्या खुशीत वीकेंडला बंगळूरला निघालेत. पब बघायचेत, माणशी बेड हजाराच्या आत हवा, हॉस्टेल ‘फुल्ल हॅपनिंग’ हवं, आणि मॅजेस्टिकला स्टेशनजवळ स्वस्तात टेकायचं की इंदिरानगर-कोरमंगलाला जायचं, यावर तुमच्यात वाद चाललाय. नोकरीमुळं माझी सांगलीतल्या विश्रामबागेतून बंगळूरला ये-जा बरीच झाली आहे आणि कंपनी हॉटेल देत नसे तेव्हा मी हॉस्टेललाच उतरायचे. तरीही मी एकही नाव सुचवणार नाही. मॅनेजर बदलला की सहा महिन्यांत हॉस्टेलचा नूर पालटतो. गेल्या वर्षी धमाल असलेली जागा यंदा लायब्ररी झालेली असते. त्यापेक्षा ओळखायचं कसं ते सांगते.

आधी एक अपेक्षा दुरुस्त करू. व्हिडिओत दिसतो तसा रात्रभर डीजे चाललेला हॉस्टेलचा गच्चीवरचा प्रकार बंगळुरात जवळजवळ नसतोच. बहुतेक हॉस्टेलं रहिवासी गल्लीतल्या बंगल्यांत आहेत. शेजारी कुणाचे तरी रिटायर्ड काका-काकू राहतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला देशभर बंदी आहे, ती २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांपासून. शेजाऱ्यांचा एक फोन गेला की पोलिसांची गाडी दारात. शिवाय बहुतेक हॉस्टेलांकडं दारूचं लायसन्स नसतं आणि बाहेरची बाटली आत चालत नाही. म्हणजे दहाला स्पीकर बंद, अकराला कॉमन रूममधला अर्धा उजेड बंद.

मग गजबज शोधायची कधीची? संध्याकाळी सहा ते रात्री नऊची. एकेकटी आलेली माणसं त्या वेळात खाली येऊन बसतात, नावगाव विचारतात, पत्त्यांचा डाव पडतो, नि साडेआठला कुणीतरी म्हणतं, “चला, चर्च स्ट्रीटला कोण कोण येतंय?” असा घोळका जिथं रोज जमतो ते हॉस्टेल तुमच्या कामाचं. बाकी भिंतीवरची रंगीत चित्रं, बीन बॅग, फूसबॉलचं टेबल हे सगळं फोटोपुरतं असतं. फूसबॉलच्या टेबलावर टॉवेल वाळत घातलेले मी पाहिलेत.

बंगळूरची आणखी एक गंमत आहे. इथल्या हॉस्टेलात अर्धी माणसं फिरायला आलेलीच नसतात. कुणी इंटरव्ह्यूला आलेलं, कुणी नवीन नोकरी लागून पीजी शोधणारं, कुणी घरून काम करणारं आणि महिनाभर बेड अडवून बसलेलं. कॉमन रूमच्या लांब टेबलावर चार लॅपटॉप, चौघांच्या कानात हेडफोन, आणि तुम्ही मोठ्यानं हसलात की त्यातला एक मान वर करून बघतो. बिचाऱ्यांची चूक नाही, सकाळी नऊला त्यांची मीटिंग असते. पण तुमचा वीकेंड त्यात मावत नाही. असं हॉस्टेल ओळखणं सोपं आहे. त्याच्या जाहिरातीत आठवड्याचा आणि महिन्याचा दर ठळक असतो, आणि रिव्ह्यूमध्ये लोक वाय-फायचा स्पीड, वॉशिंग मशीन आणि शांतता यांचं कौतुक करतात.

रिव्ह्यू वाचताना एकूण स्टार बघूच नका. गूगलवर ‘नवीन आधी’ लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले, त्यातही शुक्रवार-शनिवारी राहिलेल्यांचे वाचा. हॉस्टेलवर्ल्ड या बुकिंगच्या साइटवर स्वच्छता, सुरक्षितता, जागा यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात, त्यात ‘अ‍ॅटमॉस्फियर’ नावाचा एक रकाना असतो. तुम्हाला तो आणि सुरक्षितता, हे दोनच बघायचेत. तक्रारीही नीट वाचा, कारण एकाची तक्रार ही दुसऱ्याची शिफारस असते. “खाली लोक साडेदहापर्यंत गिटार वाजवत होते” असं कुणी चिडून लिहिलं असेल तर बुकिंगचं पान उघडा. “चादरीला वास होता” किंवा “ढेकूण” दिसलं तर मात्र कितीही धमाल असो, पुढं चला.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फोन. तोही संध्याकाळी सातनंतर करायचा. रिसेप्शनवरच्या पोराला एवढंच विचारा, “आज संध्याकाळी काय आहे?” जिथं खरंच काही घडतं तिथला पोरगा लगेच सांगतो, आज क्विझ आहे, काल वीस जण चर्च स्ट्रीटला गेले होते, शनिवारी पब क्रॉल असतो, म्हणजे घोळक्यानं एका रात्रीत पबामागून पब. जिथं काही नसतं तिथं आधी दोन सेकंद शांतता, मग “सर, वी हॅव रूफटॉप”. शिवाय फोनवर मागून येणारा आवाज फुकटात ऐकायला मिळतो. हशा ऐकू आला तर ठीक, मिक्सर आणि टीव्ही ऐकू आला तर तुमचं तुम्ही समजा.

आता तुमच्या पाच जणांबद्दल जरा स्पष्ट बोलते. तुम्ही सहा बेडची अख्खी डॉर्म, म्हणजे एरवी अनोळखी लोकांनी वाटून घ्यायची खोली, घ्यायचं म्हणताय. घेऊ नका. पाच सांगलीकर एका खोलीत, सहाव्या बेडवर बॅगा, आणि तीन दिवस तुम्ही एकमेकांशीच बोलणार. त्यासाठी हॉस्टेल कशाला, लॉज घ्या. मोठा घोळका दिसला की एकटा आलेला माणूस जवळ यायला बिचकतो, त्यात तुम्ही आपल्या ठेक्यात मराठी झोडत बसलात तर विषयच संपला. काही हॉस्टेलं याच कारणानं चार किंवा सहापेक्षा मोठा ग्रुप घेत नाहीत, किंवा आधी कळवायला सांगतात. म्हणून मुलींनी मुलींच्या डॉर्ममध्ये दोन बेड घ्यायचे आणि मुलांनी आठच्या मिक्स्ड डॉर्ममध्ये तीन. संध्याकाळी कॉमन रूममध्ये पाचही जण एकाच सोफ्यावर कोंबून बसू नका. सोबत भडंगाची दोन मोठी पाकिटं न्या, एक टेबलावर फोडून ठेवा आणि “हे काय आहे?” विचारायची वाट बघा. तिखट लागून पाणी मागणाऱ्या माणसाशी ओळख काढायला इंग्रजी लागत नाही.

जागेच्या वादात मी मॅजेस्टिकच्या विरुद्ध आहे, आणि तेही हिशेबानं. पब रात्री एकला बंद होतात. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या अकराच्या सुमाराला असतात, म्हणजे परतीला मेट्रो नाहीच. इंदिरानगर ते मॅजेस्टिक आठ-नऊ किलोमीटर. ऑगस्ट २०२५ पासून रिक्षाचा मीटर पहिल्या दोन किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढं किलोमीटरला १८ असा आहे, आणि रात्री १० ते पहाटे ५ दीडपट. म्हणजे कागदावर अडीचशेच्या आत बसतं. पण शनिवारी रात्री एकला मीटरवर यायला तयार असलेला रिक्षावाला तुम्हाला भेटला तर त्याच्याबरोबर सेल्फी काढा. ॲपवरही त्या वेळी भाव चढलेलाच असतो. आणि तुम्ही पाच जण, रिक्षात तीन बसतात, म्हणजे दोन रिक्षा. मॅजेस्टिकला बेडमागं वाचवलेले दोनशे रुपये असे रस्त्यातच जातात. वर तिकडं स्टेशनाजवळ आहेत ती मुख्यतः लॉज. रात्री बाराला कुणी गप्पा मारताना दिसलंच, तर खोलीच्या भाड्यावरून वाद घालणारं गिऱ्हाईक.

राहिलं इंदिरानगर आणि कोरमंगला. कोरमंगलाचा पाचवा ब्लॉक खाण्यापिण्याला झकास आहे, पोरंपोरी पुष्कळ, पण मेट्रो दारात नाही. स्टेशनवरून बॅगा घेऊन जाताना आणि दिवसा शहर फिरताना ट्रॅफिकमध्ये जीव जातो. इंदिरानगरला पर्पल लाइनचं स्टेशन आहे, तीच लाइन थेट मॅजेस्टिकला आणि एमजी रोडला जाते. १०० फुटी रोड आणि १२वा मेन पायी फिरता येतो, टॉइटसारखी स्वतःची बिअर बनवणारी ठिकाणं तिथंच आहेत. एक संध्याकाळ मेट्रोनं एमजी रोडला उतरून चर्च स्ट्रीटला घालवा. ब्लॉसमसारखी जुन्या पुस्तकांची दुकानं, जवळच पेकोससारखा जुन्या रॉक संगीताचा पब, आणि रस्त्यावर नुसतं फिरायलाही मजा. दुसरी रात्र इंदिरानगरात, म्हणजे त्या रात्री चालत घरी. माझं मत इंदिरानगरला, मेट्रो स्टेशनपासून पायी दहा मिनिटांच्या आत.

फक्त नकाशावरच्या “सात मिनिटं” वर भुलू नका. मुख्य रस्त्यावरून आत वळल्यावर क्रॉस गल्ल्या लागतात. झाडांमुळं दिव्यांचा उजेड खाली पोचत नाही, आणि रात्री एकला त्या गल्लीचे मालक म्हणजे कुत्री. दिवसा पायात लोळतात, रात्री अनोळखी पाच जण दिसले की सगळी उठतात. हॉस्टेल मुख्य रस्त्यापासून किती आत आहे आणि शेवटच्या वळणावर दुकान, एटीएम, वॉचमन असं काही आहे का, हे स्ट्रीट व्ह्यूवर बघून घ्या.

मुलींसाठी तीन गोष्टी फोनवरच विचारा. बाथरूम डॉर्मच्या आत आहे की बाहेर पॅसेजमध्ये? रात्रभर रिसेप्शनवर माणूस जागा असतो की गेट लावून तो आत झोपतो? आणि डॉर्मच्या दाराला कार्ड आहे की नुसती कडी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनाही लागेल, नाहीतर दीड वाजता गेटबाहेर उभं राहून बेल दाबत बसाल.

कागदपत्रं पाचही जणांची ओरिजिनल हवीत: आधार, लायसन्स किंवा पासपोर्ट. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. बंगळूरच्याच पत्त्याचं आधार असलेल्याला बरीच हॉस्टेलं बेड देत नाहीत, त्यामुळं तुमचा तिथं नोकरीला असलेला मित्र “मी पण तुमच्याबरोबर राहतो” म्हणाला तर त्याला आधीच थांबवा. पाहुण्यांना डॉर्ममध्ये सोडत नाहीत, फार तर कॉमन रूमपर्यंत. पबला २१ पूर्ण लागतात आणि दारात वय बघतात. तुमच्यातल्या एकाचे अजून काही महिने बाकी आहेत असं लिहिलंय, त्यानं चर्च स्ट्रीटला फिरावं, खावं. दारातल्या बाउन्सरशी हुज्जत घालू नये. शनिवारी काही ठिकाणी नुसत्या मुलांना आत घेत नाहीत किंवा कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचेच पैसे, लावतात, तेव्हा २१ पूर्ण असलेले मुलं-मुली सगळे एकत्र आत जा. आणि येताना तिकडच्या बाटल्या बॅगेत घालू नका, परराज्यातली दारू परमिटशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.

सामानात प्रत्येकी एक छोटं कुलूप टाका, लॉकर असतो पण कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं आपण आणायचं. जमलं तर खालचा बेड मागा. आणि कपडे, ब्रश, चार्जर संध्याकाळी बाहेर पडतानाच उशीजवळ काढून ठेवा. रात्री दीडला अंधारात प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून कुरकुर करणाऱ्या माणसाला अख्खी डॉर्म मनातल्या मनात शिव्या देते.

शेवटी बुकिंगचं. तुम्ही तीन रात्री धरल्यात, पण रेल्वेनं जाणार असाल तर दोनच लागतात. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोचवते. म्हणजे गुरुवारी निघा, शुक्रवारी सकाळी तिथं. बेड दुपारी एक-दोनला मिळतो, पण बॅगा ठेवून घेतात आणि अंघोळीचीही सोय बहुतेक करतात, तेवढं फोनवर विचारून ठेवा. मग लालबाग फिरा, जवळच्या एमटीआरमध्ये रवा इडली खा. शुक्रवार-शनिवार रात्र हॉस्टेलात. रविवारी सकाळी बेड सोडायचा, बॅगा रिसेप्शनला, दिवसभर गाव. परतीची राणी चन्नम्मा रात्री अकराच्या सुमाराला सुटते, त्यामुळं साडेनऊला बॅगा उचलून इंदिरानगरहून मेट्रोनं थेट मॅजेस्टिक. वाचलेल्या तिसऱ्या रात्रीच्या पैशात हॉस्टेल थोडं वरच्या दर्जाचं घेता येईल, कारण शुक्रवार-शनिवारी बेडचे दर चढतातच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि वीकेंडला वेटिंग लवकर लागतं. आधी तिकिटं कन्फर्म करा, मग बेड, तेही फुकट रद्द करता येणारे.