‘ग्रहणीय’ अर्पण की ‘ग्राह्य’ अर्पण?

एका वाचकाचा प्रश्न आहे: मित्राच्या घरी चर्चच्या कापणीच्या सणाची पत्रिका पाहिली, तीत ‘आपले अर्पण देवाला ग्रहणीय होवो’ असं छापलं होतं. इथे ‘ग्राह्य’ हवं ना? शिवाय ही मंडळी कधी दान म्हणतात, कधी अर्पण, कधी यज्ञ. हे सगळं एकच का?

व्याकरण आधी उरकून टाकू. ‘ग्रह्’ धातूला ‘अनीय’ लागला की ग्रहणीय, ‘य’ लागला की ग्राह्य. दोन्हींचा अर्थ घेण्याजोगं. पूजनीय-पूज्य, वंदनीय-वंद्य या अशाच जोड्या. चूक कुठलंच नाही. पण या जोडीतल्या दोघांचे संसार वेगळे झाले. ‘ग्राह्य’ कचेरीत नोकरीला लागला: पुरावा ग्राह्य, अर्ज अग्राह्य, हजेरी ग्राह्य धरली. पत्रिकेत तो छापला असता तर देवाच्या दारात कागदपत्रांची छाननी चालू आहे असं वाटलं असतं. ‘ग्रहणीय’ मात्र बोलण्यातून जवळजवळ गेला आणि मराठी बायबलात टिकला. रोमकरांस पत्रातल्या बाराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत ‘जिवंत, पवित्र व देवाला ग्रहणीय यज्ञ’ असे शब्द आहेत. पत्रिका लिहिणाऱ्याच्या कानात तेच घुमत असणार.

गंमत अशी की तिथला मूळ ग्रीक शब्द ‘युआरेस्तोस’. त्याचा सरळ अर्थ ‘मनापासून आवडलेलं’. म्हणजे ‘देवाला प्रिय’ किंवा ‘संतोषकारक’ म्हणूनही भागलं असतं. अनुवादकाने आवडण्याऐवजी घेण्यावर बोट ठेवलं, आणि मला ते पटतं. मराठीत देव ‘प्रसन्न होतो’ किंवा ‘पावतो’ म्हटलं की मागोमाग काहीतरी मिळाल्याची कथा येते. ‘ग्रहणीय’मध्ये फक्त समोरून हात पुढे येतो, बाकी काही कबूल केलेलं नाही. याचा अर्थ ख्रिस्ती मराठीला नवसाचं वावडं आहे असा नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत नवस फेडण्याची भाषा सर्रास आहे, आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला गेलात तर नवसाचे मेणाचे हातपाय विकायला मांडलेले दिसतील.

आता ‘दान’. तुमचा कान इथेच अडला असावा. देवळात आपण फूल वाहतो, नैवेद्य दाखवतो, ओटी भरतो. दानपेटी असते खरी, पण ‘मी देवाला दान दिलं’ असं कोणी म्हणत नाही. दान माणसाला, तेही सत्पात्री. चर्चमध्ये मात्र दान थेट वेदीपाशी जातं. बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, दान घेऊन वेदीजवळ आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. शिवाय हाच शब्द उलट्या दिशेनेही चालतो: देव माणसाला देतो ते ‘कृपादान’.

‘अर्पण’ त्या मानाने सरळ. मुळात ‘ऋ’ धातूचं प्रयोजक रूप, म्हणजे जायला लावणं, पोचवणं, ठेवणं. पुस्तकाची अर्पणपत्रिका आठवा. तिथे देणाऱ्याचा मोठेपणा नसतो, उलट तो जरा वाकलेला असतो.

यज्ञ आणि बली हे शब्द पाहून लोक दचकतात, आणि खरी मौज इथेच आहे. मराठी नवा करार, म्हणजे बायबलाचा दुसरा भाग, १८११ साली श्रीरामपूरला छापला गेला (नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं), इंग्रज मिशनरी विल्यम केरी आणि त्यांच्या हाताखालचे पंडित यांच्या कष्टाने. पुढच्या अनुवादांतही इब्री, म्हणजे हिब्रू, कर्मकांडासाठी शब्द हवे होते, आणि मराठीत ते यज्ञशाळेतच तयार होते. म्हणून बायबलातल्या लेवीय नावाच्या पुस्तकात होमबली, अन्नबली, पापबली भेटतात, आणि ‘परमेश्वराप्रीत्यर्थ सुवासिक हव्य’ ही अस्सल वैदिक वळणाची ओळ पुन:पुन्हा येते. होमबलीसाठी इब्री शब्द आहे ‘ओला’, म्हणजे वर जाणारं. धूर होऊन सगळंच वर जातं, खाली कुणाच्या वाट्याला मांस उरत नाही.

‘अन्नबली’ वाचून एकाने मला विचारलं होतं, पिठाचा बळी कसा देतात? आज बळी म्हटलं की रक्त दिसतं, अपघाताचे बळी, भूकबळी. पण संस्कृतातल्या ‘बलि’चा अर्थ भेट, कर, देवाभूतांसाठी काढून ठेवलेला घास. काकबळीत कावळ्याला कोणी मारत नाही, त्याला भात घालतात. तेव्हा अन्नबली हा शब्द अगदी चोख आहे, आपलाच अर्थ आकसला. त्या अन्नबलीत काय असे? सपीठ, वर तेल, वर धूप. मीठ हवंच. खमीर आणि मध वेदीवर जाळायला बंदी. आणि ऐपतीचा विचार पक्का: पापबलीसाठी मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं, तेही नसेल तर एफा नावाच्या मापाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे सुमारे २ लिटर. येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात गेले तेव्हाही होल्यांचा जोडा किंवा पारव्याची पिलं असाच नियम सांगितला आहे, कोकराचा उल्लेख नाही. ‘होला’ हा गावाकडचा पक्षी इब्री धर्मशास्त्रात जाऊन बसलेला पाहिला की मला अनुवादकाचे हात धरावेसे वाटतात.

‘कुर्बान’ही मराठी बायबलात आहे, मार्काच्या सातव्या अध्यायात. त्या इब्री शब्दाचं मूळ ‘क-र-ब’, जवळ येणं. आपल्याकडे फारसीतून आलेली कुर्बानी आणि हिंदीतला करीब यांचं अरबी मूळही तेच, आणि केरळचे सीरियन ख्रिस्ती आपल्या उपासनेला ‘कुर्बाना’ म्हणतात. मार्कात मात्र येशू या शब्दावर चिडलेला आहे. आईबापांना पोसायचे पैसे ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावे दाखवायचे आणि हात झटकायचे, अशी पळवाट निघाली होती.

वसईच्या कॅथलिकांचा ‘मिस्सा’, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मूळ लॅटिन शब्द उपासना संपल्यावर लोकांना निरोप देण्याशी जोडलेला, त्यात अर्पणाचा मागमूस नाही. मराठीने ती उणीव स्वतःच भरली आणि ‘मिस्साबलिदान’ केलं.

दशमांश म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग. सरदेशमुखीही शेकडा १०च होती, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द ऐकून वसुली आठवली तर दोष देता येत नाही. कदाचित म्हणूनच दानाच्या वेळी मंडळीत जास्त ऐकू येतं ते दुसरंच वाक्य: ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’.

प्रत्यक्षात हे शब्द कसे वाटले गेलेत ते मी नगरकडच्या एका खेड्यातल्या कापणीच्या सणात पाहिलं. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, एक कोंबडा, आणि स्टीलच्या डब्यात भुशावर ठेवलेली दोन अंडी. उपासना झाल्यावर अंगणात लिलाव. भोपळा ३००ला गेला, दोन अंडी चढत चढत १५०ला. खजिनदारांची वही मी मुद्दाम मागून घेतली. डाव्या पानावर मथळा ‘अर्पण’, त्याखाली ‘अंडी नग २’. उजव्या पानावर मथळा ‘दान’, त्याखाली ‘अंडी, रु. १५०’.