सुताराच्या वहीतली वावडी

प्रश्न असा आला आहे : पणजोबा जुन्नरकडचे सुतार. त्यांच्या मोडीतल्या वहीत शके १८०४ च्या पौषात ‘वावडी नवी १’ आणि त्याखाली ‘वावडीस पाय बदलून २’ अशा नोंदी आहेत. वही वाचून देणाऱ्या स्नेह्यांनी सांगितलं की वावडी म्हणजे पतंग, महिना संक्रांतीचा, तेव्हा पणजोबा पतंगही करून विकत असावेत. तर ‘वावड्या उठवणे’ यातली वावडी हीच का, आणि ‘मला वांग्याचं वावडं आहे’ याच्याशी तिचं काही नातं आहे का?

शेवटच्यापासून सुरुवात करतो. वावडं म्हणजे न मानवणारी वस्तू, ते बाजूला ठेवा. ‘वावड्या’ हे ‘वावडं’चं अनेकवचन आहे असं समजून ‘त्याच्याबद्दल एक वावडं उठलंय’ असं बोलणारा माणूस मला गेल्याच महिन्यात भेटला, म्हणून एवढं तरी लिहिलं.

आता पतंग. वावडी म्हणजे पतंग हा अर्थ आहे, खोटा नाही. पण अहो, पतंगाला पाय कुठून आले? तेही बदलण्याजोगे? मोडी वाचता येणं वेगळं आणि वाचलेलं समजणं वेगळं. तुमच्या स्नेह्यांचा राग नाही, पण खळं न पाहिलेल्या माणसाने सुताराची वही वाचली की हे असं होतं.

वावडी म्हणजे उपणणी करताना ज्यावर उभं राहायचं ती तीन पायांची उंच तिवई. शेणाने सारवलेलं खळं, मधोमध तिवडा म्हणजे खांब, त्याभोवती बैलांची पात म्हणजे रांग फिरून मळणी झालेली. आता दाणे आणि भूस एकमेकांत मिसळून पडलेत. वाऱ्याचा रोख बघून वावडी मांडायची, एकाने वर चढायचं, खालच्याने पाटी भरून द्यायची आणि वरच्याने ती डोक्याच्या वर धरून हलवत हलवत सोडायची. दाणा जड, तो पायाशी पडतो. भूस हलकं, ते लांब जाऊन पडतं. मधल्या पट्ट्यात पोचट दाणे आणि बोंडं राहतात, ती पुन्हा उपणायची. उंची जितकी जास्त तितका वाऱ्याला दाणा आणि भूस वेगळं करायला वेळ जास्त, म्हणून ही तिवई. आणि पाय तीन, कारण तीन पायांचं लाकूड कुठेही टेकवा, डुगडुगत नाही. चार पायांचं डुगडुगतं. वारा पडला तर दोघांनी घोंगडं ताणून धरून हलवायचं आणि पुरतं दमल्यावर वाट बघत बसायचं.

(सूप घेऊन बसलेल्या बाईचा फोटो छापून त्याखाली ‘धान्य उपणताना’ असं लिहिणाऱ्यांना इथेच सांगून ठेवतो, ते पाखडणं. उपणणं उभ्याने, वाऱ्यावर. पाखडणं बसून, मनगटावर.)

तुमच्या नोंदीत मला खरा रस वेगळ्याच गोष्टीत वाटला. सुतार बलुतेदार, तोही थोरल्या ओळीतला. नांगर, कुळव, पेरणीची पाभर यांची दुरुस्ती तो वर्षभर करणार आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा घेणार. असलं काम कोणी वहीत लिहीत बसत नाही. ते धरलेलंच असतं. नवी बैलगाडी, घराचं काम, परगावचं गिऱ्हाईक, याचा हिशोब निराळा. म्हणजे वहीत चढलेली ही वावडी बहुधा बलुत्याबाहेरची. गावात नव्याने आलेल्या कोणाची, किंवा शेजारच्या गावातल्या, जिथल्या सुताराशी पटत नव्हतं अशा कोणाची. पौषही बरोबर बसतो. खरिपाची बाजरी उरकलेली, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी अजून शेतात. माघ-फाल्गुनाच्या खळ्यासाठी औजारं नीट करून घ्यायचे हेच दिवस. बाभळीचे पाय वर्षभर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिले की खालून वाळवी खाते, म्हणून दोन बदलले. पाटी आणि सूप मात्र तुम्हाला या वहीत सापडणार नाहीत, ते बुरुडाचं काम. आणि बुरूड बारा बलुतेदारांच्या यादीत सहसा नसतोच.

तर शब्द. वाव म्हणजे वारा. वात, वायू यांचा हा घरगुती अवतार. वावटळ, वावझड, वावधण, सगळी एकाच घरची मंडळी. वाऱ्यावर चढते ती कागदाची वावडी आणि वाऱ्यावर चढवते ती लाकडाची. (‘वावर’ आणि ‘वावरणे’ यांना कृपा करून या घरात आणू नका. तशी पत्रं येतात.)

आता ‘वावड्या उठवणे’. छापील उत्तर ठरलेलं आहे : अफवा पतंगासारखी हवेत उडते, म्हणून वावडी. मी हे मानत नाही. क्रियापदाकडे बघा. पतंग आपण उडवतो. पतंग ‘उठला’ असं कोणी म्हणतं का? आणि अफवा मात्र उठते, उठवली जाते. खळ्यावर काय उठतं? भुसाचा लोट. वावडीवर माणूस चढला की अर्ध्या कोसावरून दिसतं की अमक्याकडे उपणणी चालू आहे; दाणा किती पडला ते कोणालाच दिसत नाही, दिसतो तो धुरळा. गावभर बोभाटा होतो तो त्या धुरळ्यावरून. अमक्याला यंदा वीस पोती झाली म्हणे! प्रत्यक्षात झालेली असतात सात. अफवेचं याहून अचूक चित्र मला तरी माहीत नाही. पतंगाच्या बाजूचे लोक म्हणतील की ‘वावडी उडवणे’ असाही प्रयोग आहे. आहे. पण तो बहुधा पतंगाचा पतंगच राहतो. ‘उठवणे’ लागलं की अर्थ बदलतो, आणि तो का बदलतो याचं उत्तर त्यांच्यापैकी एकानेही दिलेलं नाही. पतंग काटला जातो, त्याला मांजा असतो, तो उडवणाऱ्याच्या हातात असतो. अफवेचा मांजा कोणाच्या हातात असतो ते सांगा, मग बोलू.

आणि म्हणूनच परवा बातम्यांत ‘वावड्यांचं पेव फुटलं’ हे ऐकून मी आवाज बंद केला. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. त्यात उपणून, वाळवून, स्वच्छ केलेला दाणा जातो. वाऱ्यावर गेलेलं भूस कोणी पेवात भरतं का? अफवांचं पेव एक वेळ चालवून घेईन. वावड्यांचं नाही.

पण खरी गंमत ‘वावडी’त नाही, ‘उपणणे’त आहे आणि ते तुम्ही विचारलंच नाही. उपणणे की उफणणे, असं मला इतर पुष्कळांनी विचारलं आहे. दोन्ही. घाटावर बोलताना ‘फ’ जास्त ऐकू येतो, येऊ द्या. मात्र त्या ‘फ’वरून फणा काढणाऱ्या नागासारखं सूप उचलतात म्हणून उफणणे, असं एका मास्तरांनी मला लेखी कळवलं होतं, ते विसरा. एक तर इथे सूप नाही, हे वर सांगितलं. दुसरं, मूळ स्वच्छ दिसतं आहे : उत् आणि पू. पू म्हणजे शुद्ध करणे. पवित्र, पावन, पवमान यांच्यातला तोच धातू. पालीत उपसर्ग वेगळा, पण धातू हाच : ओपुनाति, म्हणजे उपणतो. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, शाक्य महानाम धाकट्या भावाला, अनुरुद्धाला, सांगतो की आपल्यापैकी एकाने भिक्खू व्हावं, एकाने घर बघावं. आणि मग शेतीची कामं एकामागून एक मोजून दाखवतो. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, पाणी काढायचं, खुरपायचं, कापायचं, मळायचं, काड काढायचं, भूस काढायचं, उपणायचं, घरात आणायचं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अनुरुद्ध विचारतो, मग ही कामं संपतात कधी? संपत नाहीत म्हटल्यावर तो म्हणतो, तर घर तुम्हीच सांभाळा, मी निघालो!

त्याच्याही मागे जा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाणीवरचं सूक्त आहे. ‘सक्तुमिव तितउना पुनन्तः’, चाळणीने सातू स्वच्छ करावेत तशी शहाण्यांनी मनाने वाणी घडवली. पुनन्तः, तोच पू. तितउ म्हणजे चाळणी; एका संस्कृत शब्दात दोन स्वर न मिसळता शेजारी शेजारी बसलेत, ही वैयाकरणांची आवडती मौज. आणि पवन! वाऱ्याला ‘शुद्ध करणारा’ हे नाव का पडावं? टीकाकार हवा शुद्ध करतो वगैरे सांगतात. माझं ठाम मत, हे नाव खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाने ठेवलेलं आहे. वारा स्वच्छ करताना डोळ्यांनी दिसतो तो तिथेच. यावर माझ्याशी वाद घालणाऱ्यांनी एकदा तरी वावडीवर चढून यावं.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलं आहे की त्या काळात उपणणीची यंत्रं नव्हती का. होती, जगात होती. चीनमध्ये फिरत्या पात्यांचा पंखा हान राजवटीच्या काळापासून होता. स्कॉटलंडचा जेम्स मीकल १७१० मध्ये हॉलंडला जाऊन ही विद्या शिकून आला, आणि तिकडच्या काही धर्मभीरू मंडळींनी त्या यंत्राच्या वाऱ्याला सैतानाचा वारा ठरवलं : देवाने द्यायचा वारा माणसाने दांडा फिरवून काढावा म्हणजे काय! लाकडी पेटी, आत लोखंडी आसावर पाती, वर धान्य ओतायला पाभरीच्या चाड्यासारखं (बी टाकायच्या वाटीसारखं) तोंड, खाली चाळण्या. गावच्या सुतार-लोहारांना एकदा पाहून उतरवता येईल असं हे काम. मग आपल्याकडे ते घरोघरी का झालं नाही? ‘रयत अडाणी’ हे साहेबी उत्तर मला चालत नाही. शेतीतज्ज्ञ व्होल्करसाहेब १८८९ मध्ये इकडे आले, गावोगाव फिरले आणि १८९३ च्या अहवालात लिहून गेले की इथला उत्तम शेतकरी सामान्य ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरस आहे. उत्तर बाजारात आहे. लंडनला जाणाऱ्या गव्हाच्या सौद्यात ठरावीक टक्के कचरा आधीच धरलेला असे. गहू त्याहून स्वच्छ निघाला तर जादा दाम नाही. उलट वाटेत कोणीतरी तेवढी माती मिसळून तो हिशोबात बसवणार. आपल्या बाजारात ‘कडता’ नावाने वजनातून जे कापतात, त्याचीच ही जात. मग पंख्याला पैसे कोण घालणार? वावडी बाभळीची, वारा फुकट.

पंखा आला तो पुढे, आणि पंख्याबरोबर वावडी गेली, कारण दांडा फिरवायला कोणी उंच चढत नाही. शब्द मागे राहिला तो बातम्या देणाऱ्यांच्या तोंडी.

तर पतंगाचा विषय संपला. तुम्ही एवढं करा : त्याच पानावर, त्याच महिन्यात ‘तिवडा’ किंवा ‘पाभर’ आहे का बघा, आणि वावडीच्या नोंदीपुढे पैसे लिहिलेत की पायल्या, म्हणजे धान्याचं माप, ते कळवा. पायल्या असतील तर बलुत्याबाहेरचं वगैरे जे वर लिहिलं, ते मला पुन्हा तपासावं लागेल.